घंटागाडीतले माजी नगराध्यक्ष

“मॅडम, फार खोलात जाऊ नका. ड्रायव्हरनं हा पेनड्राइव्ह घरी नेऊन परत भरला, एवढंच तांत्रिक भाषेत लिहून द्या. संध्याकाळी गुन्हा दाखल करायचा आहे.”

मुख्याधिकारी साहेबांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्याकडे सरकवली. आत काळा पेनड्राइव्ह, टोपण हरवलेला. पिशवीला लाखेचं सील, वर तीन सह्या. मी सील पाहिलं, सह्या पाहिल्या आणि मला पहिला संशय साहेबांचाच आला. ज्याला निकाल आधीच माहीत आहे, तो तपासाला माणूस कशाला बोलावतो?

माझा स्वभाव मुळात संशयी. धंद्यानं तो आणखी बिघडवला. वर्ध्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डिलीट झालेला, बिघडलेला डेटा परत काढून देणं हे माझं मुख्य काम. “मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला” हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि ते म्हणणाऱ्याच्या लॅपटॉपमधून मी चहा निथळताना पाहिला आहे. जिल्ह्यातल्या दोन-चार नगर परिषदांचं एएमसीही माझ्याकडे आहे. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. ही त्यातलीच एक. नाव सांगत नाही, कारण एएमसी अजून चालू आहे.

“आधी काय झालं ते सांगा,” मी म्हटलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहून सांगितलं. ते पुण्याकडचे, तरुण, आणि निवडणुकीची आचारसंहिता हा त्यांचा पहिलाच अनुभव. त्यामुळे जरा जास्तच घाबरलेले.

प्रकार असा. गावात सकाळी घंटागाडी फिरते, म्हणजे कचरा गोळा करणारी गाडी. गाडीच्या टपावर भोंगा आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात एक छोटा प्लेअर. प्लेअरमध्ये पेनड्राइव्ह. गाडी सुरू झाली की भोंग्यातून आवाज येतो: “नमस्कार! मी आपला नगराध्यक्ष बोलतोय. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, आणि आपलं गाव सगळ्यात वेगळं!” पुढे सनई. हे बोलणारे नगराध्यक्ष माजी होऊन बराच काळ झाला होता. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. मध्ये प्रशासक आले, गेले, पण भोंग्यातला आवाज कोणी बदलला नाही. बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. लोकांना त्या आवाजावर डबा घेऊन बाहेर पडायची सवय झाली होती.

मग निवडणूक लागली आणि भाऊसाहेब पुन्हा उभे राहिले. आचारसंहितेत नगर परिषदेची गाडी एका उमेदवाराचा आवाज गल्लोगल्ली ऐकवत फिरते आहे म्हटल्यावर काय होणार? समोरच्या उमेदवाराचे कार्यकर्ते नरेशभाऊ यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तक्रार केली. आरोग्य विभागाच्या ढगे बाबूंनी गाडीतला पेनड्राइव्ह मागवला, आवाज डिलीट केला, घंटेची साधी धून टाकली आणि पेनड्राइव्ह ड्रायव्हरला परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच गल्लीत: “नमस्कार! मी आपला नगराध्यक्ष बोलतोय.”

नरेशभाऊंचा दुसरा व्हिडिओ. या वेळी साहेबांनी पंचनामाच करवला. दोन पंचांसमोर ढगे बाबूंनी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, म्हणजे पाटी पुसून कोरी केली. पंचांनी स्क्रीनवर रिकामा पेनड्राइव्ह पाहिला आणि सह्या केल्या. पुन्हा धून टाकली. पुन्हा पेनड्राइव्ह ड्रायव्हरकडे गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाऊसाहेब.

“आता सांगा,” साहेब म्हणाले. “ड्रायव्हरशिवाय दुसरं कोण? त्याला नोटीस दिली आहे, गाडीही काढून घेतली आहे.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. त्यातून ड्रायव्हरला, मधुकरला, घंटागाडीच्या ठेकेदाराकडे नोकरीला लावलं होतं ते भाऊसाहेबांनीच. तो त्यांचा माणूस आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

तो बाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. मला पाहून उठलाही नाही.

“तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम? लिहा मंग काय लिहाचं ते. सगळे मलेच चोर समजून राह्यले.”

“हा पेनड्राइव्ह गाडीतून काढून कधी कुठल्या कॉम्प्युटरला लावला होता?”

“कधीच नाई. हात नाई लावला मी त्याले. गाडी चालवतो, कचरा उचलतो. मले काय करा लागते त्या डबीचं?”

तो फार पटकन बोलला, आणि माझ्याकडे न बघता. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागले.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की मूळ वस्तूला हात लावायचा नाही. आधी तिची हुबेहूब नक्कल काढायची आणि तपास नकलेवर करायचा. नक्कल काढताना चुकूनही मूळ पेनड्राइव्हवर काही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये एक यंत्र लावतात, राइट ब्लॉकर. ते फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. सील फोडल्याची नोंद केली, ढगे बाबूंना शेजारी बसवलं आणि नक्कल काढली.

इथे पेनड्राइव्हबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी दुकान टाकलं तेव्हा लोक फ्लॉपी घेऊन येत. पातळ चौकोनी तबकडी, आजचा मोबाइलवरचा एक फोटोही तिच्यात मावला नसता. मग सीडी आली. आणि मग एक दिवस एक प्राध्यापक गळ्यात दोरीनं अडकवलेला पेनड्राइव्ह घेऊन आले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं तो बघायला गोळा झाली होती. आज तोच पुलगाव स्टेशनबाहेर कंगव्यांच्या आणि कुलपांच्या शेजारी मांडलेला असतो. त्यात फिरणारं काही नसतं. आत एक चिप असते, चिपमध्ये असंख्य बारीक कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार कोंडून ठेवलेला. भार किती आहे त्यावरून अक्षर, आवाज, चित्र. वीज गेली तरी भार आतच राहतो, म्हणून फाइल टिकते. या प्रकाराला फ्लॅश म्हणतात.

आणि फाइल डिलीट केली की काय होतं? लोकांना वाटतं, ती जळून जाते. तसं नसतं. पेनड्राइव्हच्या सुरुवातीला फाइलींची एक यादी असते. डिलीट केलं की यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर काट बसते. बाकी नाव तसंच राहतं, आणि बऱ्याचदा फाइलही आत पडून असते. माझं अर्धं दुकान या एका गोष्टीवर चालतं.

तेव्हा मला काय दिसायला हवं होतं? भाऊसाहेबांच्या आवाजाची काट मारलेली जुनी नोंद, किंवा फॉरमॅट केल्याची खूण. त्यानंतर ढगे बाबूंची धून. आणि सगळ्यात शेवटी, परवाच्या तारखेची, मधुकरनं टाकलेली भाऊसाहेबांची ताजी फाइल. हे दिसलं असतं तर मी संध्याकाळच्या आत लिहून दिलं असतं.

यातलं काहीच नव्हतं. भाऊसाहेबांच्या आवाजाची एकच फाइल होती. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची. तिच्यावर काट नाही, फॉरमॅटची खूण नाही, धून तर मुळीच नाही. या फाइलीला कोणी कधी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

मी खुर्ची वळवून ढगे बाबूंकडे पाहिलं.

“बाबू, तुम्ही हे खरंच डिलीट केलं होतं?”

“म्हंजे काय मॅडम? पंचनामा हाय न!”

“पंचनामा आहे. पण डिलीट केल्याची खूण नाही.”

ढगे बाबूंचा चेहरा उतरला. “मॅडम, मी रिटायरमेंटले आलेला माणूस हाव. मी कायले असं करू?”

ते कशाला करतील याची मी मनात यादीच केली. भाऊसाहेबांनी गळ घातली असेल. किंवा नरेशभाऊंनी, भाऊसाहेबांना गोत्यात आणायला. किंवा साहेबांनीच. एकदा संशय घ्यायला लागलं की माणसं कमी पडत नाहीत. दोन्ही पंचांना मी वेगवेगळं बोलावलं. दोघांनीही शपथेवर सांगितलं की पेनड्राइव्ह रिकामा झालेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. एकानं तर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. मला त्या फोटोचाच संशय आला. लोक एवढ्या तयारीत कधी असतात?

मग मला वाटलं, पेनड्राइव्ह दोन असतील. दिसायला सारखे. पुसला एक, गाडीत गेला दुसरा. हे मात्र तपासता येतं. बहुतेक पेनड्राइव्हना आतून एक नंबर असतो आणि तो लावला की कॉम्प्युटर गुपचूप त्याची नोंद ठेवतो. ढगे बाबूंचा कॉम्प्युटर उघडला. दोन्ही दिवशी हाच पेनड्राइव्ह लागला होता. दुसरा कुठलाच नाही.

म्हणजे पेनड्राइव्ह हाच. कॉम्प्युटर बाबूंचा. रिकामा झालेला तीन माणसांनी पाहिलेला. आणि पेनड्राइव्ह सांगतोय की मला कोणी शिवलंच नाही. कोणीतरी खोटं बोलत होतं, आणि ते कोण हे मला कळत नव्हतं, याचा मला भयंकर राग आला. बाबूंनी चहा मागवला तर मी नको म्हटलं. त्या दिवशी त्या ऑफिसातल्या कोणाच्या हातचं काही घ्यावंसं वाटत नव्हतं.

मी परत नकलेकडे वळले. यादी पुन्हा वरून खाली वाचली. तळाशी काही काट मारलेली नावं होती. आधी मी ती सोडून दिली होती, कारण तीही जुनीच होती. आता नीट वाचली. गाणी होती. पहिली अक्षरं गेलेली, पण बाकीच्यावरून कळत होतं. भीमगीतं.

मी बाहेर गेले. मधुकर तिथंच होता.

“हात लावला नाही म्हणालात. मग ही गाणी कोणी टाकली? आणि पुसली कोणी?”

तो बाजूला जाऊन खर्रा थुंकून आला.

“मॅडम, हे साहेबाले सांगाल का?”

“खरं बोललात तर काय सांगायचं ते मी ठरवीन. खोटं बोललात तर मात्र सगळंच सांगीन.”

“मीच टाकलते. लय जुनी गोष्ट हाय. जयंतीच्या सकाळी गाडीवर बाबासाहेबाची गाणी लावली होती. आमच्या वस्तीत लोकं खुश. पण पुढच्या एका गल्लीतून तक्रार गेली, का कचऱ्याच्या गाडीवर हे काऊन वाजवून राह्यला. ठेकेदारानं लय झापलं. म्हणे, अजून एक डाव असं केलं तं घरी बस. मंग मी सगळी पुसून टाकली. म्हणून आज म्हटलं, हातच नाई लावला. एक कबूल केलं असतं तं दुसरंई माह्याच गळ्यात आलं असतं.”

“त्यानंतर कधी काही टाकलं?”

मी उभीच राहिले.

“टाकाले गेलतो. औंदा दसऱ्याच्या आंधी. म्हटलं, धम्मचक्र दिनाले तरी एक वंदना लावू, आपल्याच वस्तीत, हळू आवाजात. मोबाइलच्या दुकानात गेलो. त्यानं माह्यासमोर टाकली. मी सोता पाह्यली, नाव दिसत होतं. गाडीत लावली तं काईच नाई! भाऊसाहेबच बोलून राह्यले. मी दुकानात जाऊन भांडलो त्याच्यासंग. तो म्हणे, मी टाकली. मी म्हटलं, तू बनवून राह्यला मले. सोडून देल्लं मंग.”

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. दुकानात दिसली, गाडीत नाही. बरोबर का? “हाव,” तो म्हणाला. “मले तं वाटते, तो दुकानदारच चोर हाय.”

मी जवळपास पळतच आत गेले. नक्कल सुरक्षित होती. तेव्हा राइट ब्लॉकर काढला आणि पहिल्यांदाच मूळ पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला सरळ जोडला. एक साधी फाइल टाकली. ‘कॉपी झाली’ असा निरोप आला. फाइल दिसली, उघडलीही. पेनड्राइव्ह काढला. परत लावला.

फाइल नाही.

भाऊसाहेबांचा आवाज डिलीट केला. गेला. काढला, परत लावला. भाऊसाहेब जागच्या जागी.

इतका वेळ मी राइट ब्लॉकर लावून बसले होते. तो लिहू देत नाही. त्यामुळे हा पेनड्राइव्ह स्वतःच लिहून घेत नाही, हे मला दिसणारच नव्हतं.

साहेबांना मी म्हटलं, लिहून देते, पण आधी सगळ्यांना बोलवा. नरेशभाऊंना तर बोलवाच. मधुकर दाराशी उभा राहिला, ढगे बाबू कपाटाशी. नरेशभाऊ साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून.

मी सगळ्यांसमोर आवाज डिलीट केला. स्क्रीन दाखवली. रिकामी. पेनड्राइव्ह काढला, परत लावला आणि फाइल चालू केली.

“नमस्कार! मी आपला नगराध्यक्ष बोलतोय.”

नरेशभाऊंनी पाय खाली घेतला.

“वा मॅडम, भारी हातसफाई हाय. भाऊसाहेबाचा माणूस भेटून गेला वाटते तुमाले?”

सकाळपासून मी साऱ्या ऑफिसावर संशय घेत होते. आता तो माझ्यावर आला तर तो किती टोचतो ते कळलं. “तुमचा लॅपटॉप आहे गाडीत?” मी विचारलं. “आणा. तुमच्या हातानं करा. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते.”

त्यांनी लॅपटॉप आणला. स्वतः डिलीट केलं. काढला, लावला. “नमस्कार!”

“ते सेफली रिमूव्ह नाई केलं म्हणून होत असन,” ते म्हणाले. या वेळी डिलीट केलं, सेफली रिमूव्ह केलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, परत लावला. “नमस्कार! मी आपला नगराध्यक्ष…”

मग त्यांनी दात-ओठ खाऊन फॉरमॅट केला. स्क्रीनवर पाटी कोरी. नरेशभाऊंनी विजयानं माझ्याकडे पाहिलं. काढला, लावला. “ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा…” दारात जमलेले शिपाई फिसकन हसले. भाऊसाहेबांना हरवायला निघालेला माणूस त्यांच्या कचऱ्याच्या भाषणाशी कुस्ती खेळत होता.

“हे काय भुताटकी हाय का?” नरेशभाऊ म्हणाले.

“भुताटकी नाही. पेनड्राइव्ह मेला आहे. निम्मा.”

मी समजावलं. चिपमधल्या कप्प्यांवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. दर वेळी कप्पा थोडा झिजतो. वाचल्यानं तितका झिजत नाही, लिहिल्यानं झिजतो. म्हणून पेनड्राइव्हमध्ये आणखी एक छोटी चिप बसवलेली असते, कंट्रोलर. तिला मुकादम समजा. कुठला कप्पा चांगला, कुठला गेला, कुठे लिहायचं, हे सगळं ती बघते. काही कप्पे आधीपासून राखीव ठेवलेले असतात. एक गेला की मुकादम राखीवातला एक कामाला लावतो. राखीव संपले की तो लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचू देतो. निदान जुनं तरी वाचावं, म्हणून केलेली ही सोय आहे.

“मग तसं सांगत का नाही तो?” साहेबांनी विचारलं.

“चांगला असेल तर सांगतो. ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून अडवतो. स्वस्तातला असेल तर सगळ्याला हो म्हणतो आणि काहीच करत नाही. पुसा म्हटलं, हो. लिहा म्हटलं, हो. कॉम्प्युटर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि स्वतःच्या आठवणीतल्या यादीवर काट मारून आपल्याला दाखवतो. ढगे बाबूंनी पाहिलं, पंचांनी पाहिलं, ते पेनड्राइव्हमधलं नव्हतंच. कॉम्प्युटरच्या आठवणीतलं होतं. काढून परत लावला की कॉम्प्युटर नव्यानं विचारतो, आणि मग खरं काय ते दिसतं. पंचनामा करताना कोणी काढून परत लावला होता का?”

ढगे बाबूंनी मान हलवली. “कायले काढू? रिकामा दिसला तं होता. लगेच धून टाकली. थेबी वाजवून पाह्यली, वाजली. मंगच सह्या घेतल्या.”

“वाजणारच. तीही कॉम्प्युटरच्याच आठवणीतून वाजली.”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. दोनदा ओतलं, दोनदा सरकारी सह्या झाल्या आणि घडा भरला असं सगळ्यांनी मानलं.

“पण झिजला कसा?” नरेशभाऊंचा अजून विश्वास बसला नव्हता. “रोज तं नुसता वाजूनच राह्यला तो.”

यावर ढगे बाबूंना आठवलं. “हा आपल्याच जन्म-मृत्यू विभागातला हाय साहेब. रोज संध्याकाळी बॅकअप घेत होतो याच्यावर. कालचं पुसाचं, आजचं टाकाचं. नवीन आले तवा हा गाडीले देल्ला. फेकण्यापेक्षा बरा.”

म्हणजे वर्षानुवर्षं रोज लिहून लिहून दमलेला पेनड्राइव्ह गाडीत गेला. तिथे उन्हात काचेमागे तापला, खड्ड्यांत आदळला, चावी फिरवली की झटक्यात वीज बंद. जयंतीची गाणी त्यानं घेतली, पुसूही दिली. त्यानंतर कधीतरी त्यानं पाटी आवरली, म्हणजे लिहून घेणं थांबवलं, आणि त्या वेळी त्याच्या पोटात भाऊसाहेब होते. म्हणून भाऊसाहेब राहिले. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. “ठीक आहे. ‘तांत्रिक कारणास्तव’ असं लिहून नोटीस मागे घेऊ.”

मला वाटलं, झालं. मी बॅग आवरायला लागले. तेवढ्यात दारातून मधुकर बोलला. आवाज चढलेला.

“साहेब, तांत्रिक कारण म्हंजे काय? मी केलं का नाई केलं?”

“अरे, नोटीस मागे घेतोय ना.”

“थे बराबर हाय. पण उद्या गाव म्हणन, मध्याची सेटिंग झाली, भाऊसाहेबानं सोडवलं. ठेकेदार म्हणन, भानगडीचा माणूस, हटवा. माही पोरगी पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. रोज सकाळी ग्राउंडवर पळते. तिच्या बापाचं नाव अशा कागदात हाय, का तांत्रिक कारणानं सुटला. तिले कोणी विचारलं तं तिनं काय सांगाव?” तो दारातून आत आला. “मी भाऊसाहेबाचा माणूस हाव. लपवत नाई. मत बी त्याइलेच देईन. पण हे मी केलं नाई. तसं लिहा.”

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, रिपोर्टमध्ये जरा मोघमच ठेवा. ‘यंत्रातील बिघाड’. म्हणजे पंचनाम्यावरही प्रश्न येणार नाही.”

माणसाची नोकरी आणि अब्रू एका बाजूला, आणि पंचनाम्याची लाज दुसऱ्या बाजूला. साहेब वाईट नव्हते. घाबरलेले होते. पण मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला, आणि मला मधुकर आवडत नव्हता म्हणून तर तो जास्तच आला. आवडत्या माणसासाठी कोणीही भांडतं.

“साहेब, मोघम हवं असेल तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. एएमसी तुमच्या हातात आहे, माझी सही माझ्या.”

मी तिथंच बसून लिहिलं: ‘सदर पेनड्राइव्ह कोणतीही नवी फाइल स्वीकारत नाही आणि जुनी पुसू देत नाही. त्यामुळे तक्रारीच्या काळात वाहनचालकाने त्यात फाइल टाकलेली नाही. टाकणे शक्यच नव्हते. ही तपासणी तक्रारदारांनी स्वतःच्या हाताने व स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिली आहे.’ खाली नरेशभाऊंच्या सहीसाठी जागा सोडली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, नाही करणार. पण त्यांनी पेन काढला.

“भाऊसाहेबाले पाडाचं हाय मले,” ते म्हणाले. “याले नाई.” आणि सही केली.

जुन्या गाण्यांबद्दल मी रिपोर्टमध्ये काही लिहिलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

गुन्हा दाखल झाला नाही. मधुकरच्या नोटिशीवर ‘दोष आढळून आला नाही’ असा शेरा पडला आणि ठेकेदारानं त्याला गाडी परत दिली. आता प्रश्न उरला पेनड्राइव्हचा. तो पुसता येईना. मी म्हटलं, हातोडीनं फोडा, हा एकच उपाय. त्यावर नरेशभाऊ म्हणाले, फोडला तर पुरावा नष्ट केला असं होईल. मग भाऊसाहेबांना पुन्हा लाखेचं सील लागलं आणि ते मतदान होईपर्यंत साहेबांच्या कपाटात बंद राहिले. निकाल काय लागला ते सांगत नाही. या गोष्टीशी त्याचा संबंध नाही.

मधुकरनं माझे आभार मानले नाहीत. पुढे एएमसीच्या कामाला गेले तेव्हा तो गाडी धूत होता. मी विचारलं, नवा पेनड्राइव्ह नीट चालतो का?

“चालते. पण ढगे बाबू रोज सकाळी माह्यासमोर काढते, परत लावते, पुरा ऐकते, मंगच गाडी सोडते. दोन शिपाई बी उभे राह्यते पाहाले. पह्यले माह्या एकट्यावर डाऊट होता,” तो म्हणाला, “आता सगळे मिळून त्या डबीवर घेते. बरं हाय.”

मला विचाराल तर एवढंच सांगेन. पेनड्राइव्हवरचं काही पुसलं किंवा नवं टाकलं, तर तो काढा, परत लावा आणि मग बघा. दोन मिनिटांचं काम आहे. नोटीस त्यानंतर टाइप करा.